पिवळ्या टाइट्स कोणी घातल्या होत्या

वहिनी, आज मोजून नऊ दिवस झाले. तुला पुढच्या खोलीत निजवलं होतं आणि गल्लीतल्या बायका तुला कुंकू लावायला ओळीने उभ्या होत्या. सवाष्ण गेली म्हणून. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कपाळ सगळं लाल करून टाकलं त्यांनी तुझं. तुझ्या कपाळाचं कुंकू बोटाने स्वतःच्या कपाळाला लावून घेत होत्या. मी भिंतीला टेकून बघत होते आणि माझं डोकं नुसतं तडकत होतं. ज्या घरात अकरा संक्रांती तुला कुणाला कुंकू लावू दिलं नाही, त्याच घरात आता तुझ्या कुंकवासाठी रांग! आणि आई, आपली आई, ती रांग नीट लावत होती. 'पायाकडून या गं, पायाकडून.'

तुझे पाय उघडे होते. डिसेंबरची सकाळ, फरशी बर्फ झालेली. मी कपाटातून तुझ्या जांभळ्या चौकड्यांच्या लोकरी टाइट्स काढून आणल्या. म्हटलं, घालते. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिरव्या शालूखाली हे कुठलं थेर? ठेव ते आत." आणि मी ठेवल्या. बघ, मेलीस तरी मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही. शाळेत चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई मी, पण आईपुढे माझी जीभ टाळूला चिकटते.

तुला काय झालं, किती दिवस झालं, डॉक्टर काय म्हणाले, ते मी इथे लिहिणार नाही. ते सगळं फायलीत आहे, ती फाईल दादाने कपाटावर टाकली आहे. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे. तुला माहीत आहे काय ते.

तू सटाण्याहून लग्न होऊन नाशकात आलीस तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचे वडील, अण्णा, आधीच गेले होते, घरात आई, दादा आणि मी. तू आलीस नोव्हेंबरात आणि आठवड्याभरात अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायला लागलीस. स्विच जोडायचं काम. सकाळी सहाला लुना काढायचीस. सिडकोपासून अंबड काही लांब नाही, पण त्या वाऱ्यात साडी नेसून लुना चालवायची म्हणजे पाय लाकूड व्हायचे. पंधरा दिवस तू सोसलंस. मग एक दिवस थंडीत येणाऱ्या त्या तिबेटी बायकांच्या स्वेटरबाजारातून पिशवी भरून टाइट्स घेऊन आलीस. साध्या काळ्या, तपकिरी नाहीत. लाल-काळ्या चौकटीच्या, हिरव्या पट्ट्यांच्या, निळ्यावर पांढऱ्या चांदण्यांच्या. आणि एक पिवळ्याधमक, त्यावर काळे हिरे.

आई बघतच राहिली. "ह्या तुमानी कुणाला?"

"मला," तू म्हणालीस. "थंडी शे, मंग? पाय काय माहेरी ठेवून येऊ?"

मी हसून हसून लोळले होते. आईला तोंडावर असं उत्तर देणारं आपल्या घरात तोवर कुणी जन्मलं नव्हतं. आईने भांडी आपटली, पण पाय गारठतात हे तिलाही दिसत होतं, म्हणून तेवढ्यावर भागलं.

मला आठवतं, तू लुनावर बसलीस की साडी वर सरकायची आणि घोट्यापासून दोन वीत रंग दिसायचा. काळी शाल, तपकिरी स्वेटर, डोक्याला मफलर, असं सगळं मातकट, आणि खाली लाल चौकटी. गल्लीतली कुत्रीसुद्धा वळून बघायची. पुढे पुढे तुझ्या लाइनवरच्या बायकांनीही घ्यायला सुरुवात केली. सुपरवायझर म्हणाला युनिफॉर्मचा नियम आहे, तर तू त्याला विचारलंस, "साहेब, नियमात साडी लिहिली आहे, पाय लिहिले आहेत का?" हे तू घरी येऊन तीनदा सांगितलंस, तिन्ही वेळा त्याचा आवाज काढून. मी तुला म्हटलं, वहिनी, तू नाटकात जायला हवी होतीस. "सटाण्यात कांद्याच्या लिलावात उभी राहिलेली आहे मी," तू म्हणालीस, "आणखी कशाला नाटक हवं?"

आता त्या पिवळ्या टाइट्सकडे येते. टाळून काय होणार?

तुझी पहिली संक्रांत. तुझ्यासाठी काळी चंद्रकळा आणली होती, हलव्याचे दागिने आईने स्वतः केले होते. बोटं पोळेपर्यंत परातीत हलवा फिरवत बसली होती, हे मी विसरलेले नाही. तेव्हा तू तिची लाडकी होतीस, तुमानींसकट. आणि आदल्या दिवशी समोरच्या काकू पंचांग घेऊन आल्या. दरवर्षी संक्रांत कुठल्यातरी रंगाचं वस्त्र नेसून येते म्हणे. तो रंग त्या दिवशी बायकांनी अंगाला लावायचा नाही, लावला तर घरातल्या पुरुषावर येतं. त्या वर्षी पिवळा होता. आईने घरातलं पिवळं सगळं गोळा केलं, माझा एक रुमालसुद्धा, आणि ट्रंकेत घालून वर कुलूप लावलं. तुझ्या टाइट्स तिला दिसल्या नाहीत, कारण त्या माझ्या दप्तरात होत्या. मी दोन दिवस आधीच तुझ्याकडे मागितल्या होत्या आणि तू म्हणाली होतीस, "घे की."

मला माहीत होतं, वहिनी. मी विसरून घातल्या असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. साफ खोटं. कॉलेजात डेज चालू होते, माझी काळी मिडी होती, त्याखाली पिवळ्यावर काळे हिरे. आणि बीएस्सीची पोरगी मी, मला वाटलं, बघूच या संक्रांत काय करते ते. मैत्रिणींना सांगून सांगून मिरवले मी ते पाय. कॅन्टीनमध्ये टेबलावर चढवून दाखवले. चार वाजता घरी आले, टाइट्स धुतल्या, मागच्या तारेवर टाकल्या आणि चंद्रकळेच्या निऱ्या घालायला तुझ्या मदतीला आले.

साडेपाचला बायका यायला लागल्या. तू दागिने घालून पाटावर बसलेली. आणि काकूंच्या घरच्या फोनवर निरोप आला. दादाचा हात कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडला.

तू तशीच निघालीस. हलव्याचा मुकुट रिक्षात गळून पडला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आणि मी दवाखान्यातून घरी आलो, दादाचे कपडे घ्यायला. आई मागच्या दारात उभी होती, हातात त्या पिवळ्या टाइट्स. ओल्याच होत्या अजून.

"काल ह्या कोणी घातल्या होत्या?"

मला आईचा चेहरा आठवत नाही. मला तुझा आठवतो. तू आधी टाइट्सकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी फरशीकडे बघितलं. पंधरा दिवसांनी मला बघायला पाहुणे येणार होते, मुलगा इंजिनिअर, आईने कितीजणांचे उंबरे झिजवून जमवलेलं ते स्थळ. सगळ्या नाशकात बोभाटा झाला असता, हिने पिवळं घातलं आणि भावाची बोटं घालवली. हे सगळं माझ्या डोक्यातून त्या अर्ध्या मिनिटात गेलं. म्हणजे मी घाबरून गप्प बसले असं नाही, मी हिशेबाने गप्प बसले.

"माझ्या आहेत," तू म्हणालीस.

खोटंही नव्हतं ते. तुझ्याच होत्या.

आईने बंबात घातल्या. लोकर आणि नायलॉनचा तो जळका वास दोन दिवस न्हाणीघरातून गेला नाही. त्या पाण्याने मी आंघोळ केली.

रात्रभराची जागलेली तू, मी तुला माडीच्या जिन्यात गाठलं आणि रडायला लागले. तू माझं तोंड हाताने दाबलंस. "मंजे, गप. तुझं जमू दे आधी. मग सांगू." मग सांगू! माझं लग्न झालं, तेव्हा म्हटलं सासर नवीन आहे. मग पहिलं बाळंतपण. मग मुग्धा तुझ्या पोटात होती. मग आईचं ब्लडप्रेशर. ज्याला सांगायचं नाही त्याला कारणं मिळत जातात गं, मला भराभरा मिळत गेली.

आणि आई तुला घालून पाडून बोलली, तिने तुला हाकललं, असं काही कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. ती फक्त म्हणायची, "तू आतलं बघ." संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की बायका बाहेर सतरंजीवर, आणि तू आत तिळाच्या वड्या पाडतेस, ताटल्या भरतेस, कपबश्या विसळतेस. बायकांना कळत नव्हतं थोडंच? समोरच्या काकू पहिल्या दिवसापासून जाणून होत्या. मुंजीत, डोहाळजेवणात, बारशात, 'हिला नको पुढे करायला' हे कुणी बोलायचं नाही, नुसतं व्हायचं. मी दरवर्षी माहेरवाशीण म्हणून यायचे, गजरा माळून सतरंजीवर बसायचे, वाण घ्यायचे. तू आतून ताटली द्यायला हात बाहेर काढायचीस, ती मीच घ्यायचे आणि पुढे द्यायचे.

दादाला कंपनीने प्रेसवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तो गप्पच होता आधीही, आणखी गप्प झाला. तुझ्या बाजूने तो बोलत नाही याचा मला राग यायचा. बघ ना, मला राग यायचा!

तुझे रंग मात्र थांबले नाहीत. पिवळ्या परत आणल्या नाहीस तू, एवढंच. बाकी दर थंडीला नवीन. नारिंगी ठिपके आणलेस एका वर्षी, काय ते ठिपके, बाई! मुग्धा शाळेत जायला लागली तशी तिच्या राखाडी पिनाफोरखाली रोज वेगळे पाय. सोमवारी चांदण्या, मंगळवारी पट्टे. वर्गातल्या पोरी पैजा लावायच्या आज हिचे पाय कुठले. आता कॉलेज रोडला दर दुकानाबाहेर रंगीत लेगिंगांची लड लटकलेली असते, पोरी दोन-दोन चार-चार घेतात, कुणी वळून बघत नाही. मागच्या वर्षी आपण दोघी तिथून जात होतो तर तू थांबलीस आणि म्हणालीस, "मंजे, माझं पेटंट गेलं बघ." एवढं हसलीस की तुला खोकला लागला.

त्याच दिवशी आपलं भांडण झालं. रस्त्यात, उसाच्या गुऱ्हाळापाशी. ते मिटलंच नाही नीट.

मी म्हटलं, "वहिनी, बास झालं. या संक्रांतीला मी सगळ्यांसमोर सांगते, पिवळ्या मी घातल्या होत्या."

"नको."

"का नको? आता माझं काय बिघडणार आहे?"

"तू सांगितलंस की काय होईल?" तू म्हणालीस. "माझ्याऐवजी तुला आत बसवतील. एक खुर्ची रिकामी, एक भरली. तेवढंच ना? तुला सांगायचंच असेल तर हे सांग, की पिवळ्याने काही होत नाही. एवढंच सांग. विज्ञान शिकवतेस ना पोरांना?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण झालंच ना गं काहीतरी त्या दिवशी."

तुझ्या हातात ग्लास होता. तू तो खाली ठेवलास. "म्हणजे तू पण?"

मी काहीतरी सारवासारव करायला लागले. तसं नाही, माझं म्हणणं तसं नाही. पण तसंच होतं, वहिनी. फळ्यावर चुंबक आणि तरफ शिकवणारी मी, अकरा वर्षं मनातल्या मनात मानत होते की माझ्या पायांनी भावाची बोटं खाल्ली. दादा भाकरी मोडताना त्या तीन बोटांकडे माझं लक्ष जायचं आणि घास उतरायचा नाही. तुला वाटत होतं मी नुसती भित्री आहे. मी भित्री आणि वर त्या काकूंच्या पंचांगाची.

"चला वन्सं, उशीर होतोय," तू म्हणालीस. रागावलीस की वन्सं म्हणायचीस. मग दोन महिने तू फोनवर फक्त 'आईंना देते' एवढंच बोललीस. नंतर बोलायला लागलीस, आजारी पडलीस, मी रोज डबा घेऊन यायचे, आपण मुग्धाच्या अभ्यासाचं बोलायचो, मटाराच्या भावाचं बोलायचो. पण त्या 'तू पण' चं उत्तर तू मला देऊ दिलं नाहीस, आणि माझ्याकडे नव्हतंही.

तिसऱ्या दिवशी रामकुंडावर अस्थी घेऊन गेलो. मी हट्टाने गेले. दादा पायरीवर बसला होता, मांडीवर ते मडकं, वर लाल फडकं. डाव्या हाताने धरलेलं, उजवा हात नुसता टेकवलेला. गुरुजींना यायला वेळ होता. ऊन आलं होतं. मला वाटलं, आता नाही तर मी मरेपर्यंत नाही.

"दादा, त्या संक्रांतीला पिवळ्या टाइट्स मी घातल्या होत्या. वहिनीने नाही. माझ्यामुळे झालं तुझं."

त्याने वर बघितलं. मला वाटलं आता थोबाडीत देईल. दिली असती तर मी गाल पुढे केला असता.

"वेडी आहेस का तू?" तो म्हणाला. मग म्हणाला, "प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. मी एका बटणात काडी खोचून ठेवली होती. एका हाताने माल सरकवायचा, एका हाताने बटण दाबायचं. दुप्पट काम होतं. तिची पहिली संक्रांत होती ना, मला पाचला घरी यायचं होतं."

"हे कुणाला माहीत होतं?"

"तिला. त्याच संध्याकाळी दवाखान्यात सांगितलं मी तिला. चौकशी होणार होती, काडीचं कळलं असतं तर मला काढलंच असतं. ती म्हणाली, गप बसा."

त्याच संध्याकाळी! म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारात तू 'माझ्या आहेत' म्हणालीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. पिवळं कुणी घातलं तेही आणि बोटं कशाने गेली तेही. आम्ही दोघं भावंडं तुझ्या पदराआड उभे होतो आणि एकमेकांना दिसतही नव्हतो.

"आणि चौकशी संपल्यावर? नोकरी पक्की राहिल्यावर? नंतर का नाही बोललास रे?"

त्याने मडक्यावरचं फडकं सारखं केलं. "नंतर सवय झाली," तो म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आजूबाजूचे लोक बघायला लागले. खरं सांगू? तो एक शब्द त्याने उच्चारला म्हणून मी तुटून पडले, पण शब्द माझाही तोच होता. आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, मला हलकं वाटलं. माझ्या पायांनी काही केलं नव्हतं. हे मला तू सांगून सांगून पटलं नाही आणि त्याच्या एका काडीने पटलं. तुझा शब्द मी असा कमी धरला, याचं मला फार वाईट वाटतं.

घरी येताना तो म्हणाला, "आईला सांगू नकोस. वय झालंय. आता ती गेलीच आहे, कशाला?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मनात म्हटलं, तेरावं होऊ दे. लागली का पुन्हा मला तीच खोड?

पण तेराव्यापर्यंत थांबायला लागलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी बायका बसायला आल्या होत्या. कुणी पिठलं-भाकरी आणलेली, कुणी नुसत्याच. मुग्धा माझ्या शेजारी. घर गार म्हणून मी तिला सकाळी टाइट्स घातल्या होत्या, त्या नारिंगी ठिपक्यांच्या, तुझ्याच कापून लहान केलेल्या. समोरच्या काकूंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, मायेनेच फिरवला, आणि म्हणाल्या, "आता हे रंगीत पाय बास हं बाळा. बघितलंस ना आईचं? त्या संक्रांतीपासून जे लागलं ते शेवटी..." आणि सुस्कारा टाकला.

आई म्हणाली, "काढ गं त्या. मंजू, काढ तिच्या."

मुग्धाने माझ्याकडे बघितलं. वहिनी, तुझी नजर आहे तिला. तीच, मागच्या दारातली. नऊ वर्षांची पोर, आणि या बायका तिच्या पदरात ते बांधून देत होत्या, तिच्या मुंडावळ्यांपर्यंत पुरलं असतं.

मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी पिवळ्या टाइट्स मी घातल्या होत्या."

"मंजू, चहा टाक," आई म्हणाली.

"वहिनीने नव्हत्या घातल्या. मी. कॉलेजात मिरवत होते दिवसभर. आणि मी घातल्या म्हणूनही काही झालं नाही. पिवळ्याने काही होत नाही."

एक बाई हळूच म्हणाली, "अगं पण बोटं गेली ना त्याची..."

"दादा!" मी ओरडले. दुखवट्याच्या घरात. "बाहेर ये आणि सांग."

तो दारात आला. मला वाटलं, आता हा पायात चप्पल घालून सरळ निघून जाईल. आई त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "बटणात काडी मी खोचली होती." कुणाला काही कळेना. मग त्याला समजावून सांगावं लागलं. दोन्ही हात पुढे करून, हे एक बटण, हे एक बटण, अशी प्रेस, असा हात. भरल्या घरात, बायकांसमोर, तो तुटका हात पुढे करून तो दाखवत होता आणि मध्येच त्याला हुंदका आला. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि उठल्या. त्यांच्यामागून दोघी उठल्या.

आई म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही." परत म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही." मग भिंतीकडे तोंड केलं. ती तुझं नाव घेऊन रडेल असं मला वाटलं होतं, ती रडली नाही. म्हणाली, "तिनं तरी सांगायचं." तुझ्यावरच ठेवलं पुन्हा. पण तेव्हापासून ती जेवायला बसत नाही धड, नुसतं ताट पुढे ओढते.

मी मुग्धाला जवळ घ्यायला हात केला. तिने विचारलं, "आत्या, तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो गं."

"मग आई आत कपबश्या धुवायची तेव्हा तू बाहेर सतरंजीवर बसायचीस?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती माझ्याजवळून उठली, गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं.

आज चार दिवस झाले. ती माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातून वेणी घालून घेत नाही, स्वतःच वेडीवाकडी घालते. टाइट्स मात्र घालते, कुणाला विचारत नाही. दादा म्हणतो, समजाव तिला, पोर आहे. मी नाही समजावणार. काय समजावू? अकरा वर्षांत हा प्रश्न तू मला एकदाही विचारला नाहीस, वहिनी, आणि तू विचारत नाहीस म्हणून मी सुखाने वाण घेत राहिले. तुझ्या पोरीने विचारला. तिचा राग बरोबर आहे आणि तो तिने हवा तेवढा धरावा. मी रोज शाळा सुटली की येईन, गॅलरीच्या दाराबाहेर बसेन, आणि जाईन.